हिरवी कॉफी आणि व्हिएन्नाचा मसुदा

डिसेंबर १८५४. काळ्या समुद्रात घुसलेलं क्रिमिया नावाचं द्वीपकल्प. सेव्हास्तोपोल शहराबाहेरच्या माळावर एक इंग्रज शिपाई रात्रभर खंदकात काढून आपल्या तंबूत परत आलाय. खंदकात पाणी होतं, बूट दोन आठवड्यांत पायातून निघालेले नाहीत, कारण काढले तर सुजलेल्या पायांवर परत चढणार नाहीत. आज शिध्यात कॉफी मिळालीय. पण कच्ची. हिरवे, टणक, न भाजलेले दाणे.

भाजायला सरपण नाही. माळावरची झुडपं कधीच संपली, आता लोक द्राक्षवेलींची मुळं उकरून जाळतात आणि ती नुसती धुमसतात. जेवणाच्या डब्याच्या झाकणात दाणे कसेबसे करपवायचे, फुटलेल्या तोफगोळ्याच्या तुकड्याने ठेचायचे आणि कोमट पाण्यात ढवळून प्यायचे. बरेच जण तेवढंही करत नसत. दाणे चिखलात टाकून देत आणि झोपत.

कॉफी कच्ची का आली? तर सैन्याला शिधा पुरवणाऱ्या कमिसरिएट खात्यातल्या वरिष्ठांनी विचार केला होता की भाजलेली कॉफी जहाजावरच्या दमट हवेत वास सोडते, तिला बुरशी लागते. कच्ची मात्र टिकते. हिशोब तसा बरोबरच होता. कॉफी टिकलीच. खंदकातून आलेला माणूस ती भाजणार कशावर, हा प्रश्न त्या खात्याच्या कागदावर नव्हता.

क्रिमियाचं युद्ध, १८५३ ते १८५६, मला या दाण्यांवरून कळायला लागलं. एका बाजूला रशिया. दुसऱ्या बाजूला तुर्कांचं ऑटोमन साम्राज्य, ब्रिटन, फ्रान्स आणि शेवटी शेवटी इटलीतलं सार्डिनियाचं छोटं राज्य. राजधान्यांमधून मसुदे, खलिते, दुरुस्त्या, परिषदा अखंड चालू होत्या आणि त्यातले बरेचसे आपापल्या जागी तर्काला धरून होते. पण कागदाचं घड्याळ वेगळं चालत होतं आणि खंदकाचं वेगळं.

किल्ली कुणाकडे?

सुरुवात झाली देवळाच्या भांडणातून. जेरुसलेम आणि बेथलेहेम तेव्हा तुर्की सुलतानाच्या राज्यात होती. येशूच्या जन्मस्थानी बांधलेल्या चर्चमध्ये कॅथलिक आणि ऑर्थोडॉक्स या दोन ख्रिश्चन पंथांच्या साधूंचे हक्क होते, आणि कुठला दिवा कुणी लावायचा, कुठली पायरी कुणी झाडायची, मुख्य दाराची किल्ली कुणाच्या कमरेला, यावरून पिढ्यान्‌पिढ्या वाद. देवस्थानातल्या पूजेच्या पाळ्या आणि मानपानाची वहिवाट ज्यांनी जवळून पाहिलीय त्यांना यात नवल वाटणार नाही. १८४७ मध्ये जन्मस्थानावरचा लॅटिन अक्षरांचा चांदीचा तारा चोरीला गेला आणि वाद पेटला.

पण साधूंच्या भांडणासाठी तीन साम्राज्यं लढत नसतात. फ्रान्समध्ये लुई नेपोलियनने डिसेंबर १८५१ मध्ये सत्ता बळकावली आणि वर्षभरात तो तिसरा नेपोलियन म्हणून सम्राट झाला. त्याला घरचे कॅथलिक खूश हवे होते आणि बाहेर नाव हवं होतं; तो कॅथलिकांचा पाठीराखा झाला. रशियाचा झार पहिला निकोलस स्वतःला ऑर्थोडॉक्स ख्रिश्चनांचा रक्षक मानायचा. त्याला हा नवा सम्राट इतका उपरा वाटायचा की पत्रात राजेलोकांच्या रिवाजाप्रमाणे ‘बंधू’ न लिहिता त्याने ‘मित्र’ असं लिहिलं. आपल्याकडे लग्नपत्रिकेत नाव चुकीच्या जागी छापलं म्हणून भाऊबंदकी होते, तसलाच हा प्रकार. पॅरिसमध्ये तो अपमान नीट टिपून ठेवला गेला.

शिवाय निकोलसची अशी ठाम समजूत होती की तुर्की साम्राज्य हा मरणपंथाला लागलेला रोगी आहे. जानेवारी १८५३ मध्ये ब्रिटिश राजदूत सर हॅमिल्टन सेमूर यांच्याशी बोलताना त्याने ही उपमा वापरली आणि रोगी गेल्यावर मागे काय करायचं ते आत्ताच बोलून ठेवू, असं सुचवलं. झारच्या मते हा सरळपणा होता. लंडनला त्यात वाटणीचा वास आला. भूमध्य समुद्रातून भारताकडे जाणाऱ्या वाटेजवळ रशिया येऊन बसेल, ही त्यांची जुनी धास्ती होतीच.

फेब्रुवारीच्या अखेरीस झारने प्रिन्स मेन्शिकॉव्हला सुलतानाच्या राजधानीत, कॉन्स्टँटिनोपलला, पाठवलं. हा सेनानी, मुत्सद्दी नव्हे. सुलतानाच्या वजिराला भेटायला गेला तो गणवेश न घालता, साध्या ओव्हरकोटात. आणि परराष्ट्रमंत्री फुआद एफेंदी दारात वाट पाहत असताना त्याच्याकडे न बघता निघून गेला. फुआदने राजीनामा दिला. मेन्शिकॉव्हची मुख्य मागणी वेगळीच होती: तुर्की राज्यातल्या ऑर्थोडॉक्स प्रजेचं रक्षण करण्याचा हक्क रशियाला लेखी हवा. ही प्रजा लाखोंनी होती. परक्या राजाला आपल्या प्रजेच्या वतीने बोलायचा हक्क लेखी दिला, तर मग राज्य कुणाचं? सुलतानाने नकार दिला. हा मेन्शिकॉव्ह लक्षात ठेवा, पुढे परत येणार आहे.

जवळजवळ मिटलं होतं

जुलै १८५३ मध्ये रशियन फौजा डॅन्यूब नदीकाठच्या मोल्डाव्हिया आणि वालाखिया या दोन प्रांतांत (आजच्या रोमानियात) शिरल्या. कायद्याने हे प्रांत सुलतानाचे. ही नुसती तारण म्हणून घेतलेली जागा आहे, युद्ध नाही, असं झारचं म्हणणं.

मग व्हिएन्नात ऑस्ट्रियाचे परराष्ट्रमंत्री काउंट बुओल यांनी ब्रिटन, फ्रान्स आणि प्रशियाच्या राजदूतांना बसवून एक मसुदा तयार केला. शब्द इतके मोघम की दोघांचीही अब्रू राखली जावी. झारने तो लगेच मान्य केला. बसलेल्यांनी मात्र सुलतानाच्या माणसालाच विचारलं नव्हतं. तुर्कांनी काही शब्द बदलून मागितले, तर सगळे त्यांच्यावरच वैतागले. तेवढ्यात रशियाच्या परराष्ट्र खात्यातलं एक टिपण बर्लिनच्या वर्तमानपत्रात फुटलं: त्या मोघम शब्दांचा अर्थ रशिया ‘आम्हाला रक्षणाचा हक्क मिळाला’ असाच लावणार, हे त्यात उघड लिहिलेलं. म्हणजे तुर्कांचा संशय खरा होता. मसुदा बाद झाला. मोघम भाषा दोन्ही पक्षांना हवा तो अर्थ काढू देते, तोवर ती उपयोगी; एकाने आपला अर्थ लिहून काढला की संपलं.

ऑक्टोबरमध्ये तुर्कांनी युद्ध पुकारलं. ३० नोव्हेंबरला रशियन ॲडमिरल नाखिमॉव्हने सिनोप बंदरात तुर्की जहाजांचा ताफा जाळला. सुमारे तीन हजार तुर्की खलाशी मेले. लंडनच्या वर्तमानपत्रांनी याला ‘सिनोपची कत्तल’ म्हटलं आणि लोकमत भडकलं. खरं तर युद्ध आधीच पुकारलेलं होतं, शत्रूच्या आरमारावर हल्ला करणं यात कत्तल कसली? पण हे ऐकायला कुणी तयार नव्हतं. मार्च १८५४ च्या अखेरीस फ्रान्स आणि ब्रिटन युद्धात उतरले.

आता या सगळ्या प्रकरणातली सगळ्यात चमत्कारिक गोष्ट. १८४९ मध्ये हंगेरीतलं बंड मोडायला झारने ऑस्ट्रियाला सैन्य दिलं होतं. ऑस्ट्रिया उपकार स्मरेल याची त्याला खात्री. त्याच ऑस्ट्रियाने जून १८५४ मध्ये रशियाला बजावलं, डॅन्यूबचे प्रांत सोडा. रशियाने सोडले. ऑगस्टपर्यंत रशियन फौजा मागे गेल्या आणि त्यांच्या जागी ऑस्ट्रियाच्या फौजा बसल्या. ज्या कारणासाठी युद्ध पुकारलं ते कारणच संपलं. ब्रिटिश आणि फ्रेंच सैन्याने जमिनीवर एकही मोठी लढाई लढण्याआधी.

तेव्हा हे सैन्य होतं बल्गेरियातल्या वार्ना बंदराजवळ, आणि मरत होतं. कॉलऱ्याने. हजारो माणसं शत्रू न बघताच गेली. आता एवढं सैन्य जमवलंय, जनता चिडलीय, तर नुसतं परत कसं न्यायचं? ठरलं की रशियाच्या काळ्या समुद्रातल्या आरमाराचं घर, सेव्हास्तोपोल, ते मोडायचं. लंडनजवळ पेम्ब्रोक लॉजमध्ये २८ जूनला रात्रीच्या जेवणानंतर मंत्रिमंडळापुढे या मोहिमेच्या हुकुमाचा मसुदा वाचला गेला, तेव्हा काही मंत्र्यांना डुलक्या लागल्या होत्या, असं त्या काळच्या इतिहासकाराने नोंदवलंय.

माळावरचा हिवाळा

१४ सप्टेंबर १८५४ ला फौजा क्रिमियात उतरल्या. २० तारखेला अल्मा नदीवर लढाई. समोर रशियन सेनापती कोण, तर ओव्हरकोटवाला मेन्शिकॉव्ह. तो हरला. त्याच्या बहुतेक शिपायांकडे जुन्या गुळगुळीत नळीच्या बंदुका होत्या, दोन-तीनशे पावलांपलीकडे त्यांचा भरवसा नाही. इंग्रज-फ्रेंचांच्या नव्या मिनिए रायफलची गोळी त्याच्या कितीतरी पट दूर जायची. समोरचा दिसायच्या आत शेजारचा पडतो, हा रशियन शिपायाला नवीन अनुभव होता.

२५ ऑक्टोबरच्या बालाक्लावाच्या लढाईवर, तोफांच्या तोंडी घोडे घालणाऱ्या त्या ‘लाइट ब्रिगेड’वर, इतकं लिहिलं गेलंय की मी थांबत नाही. त्या दिवसाची एकच गोष्ट सांगतो. सकाळी पुढच्या टेकाडांवर तुर्की शिपाई होते. कित्येक पट रशियन अंगावर आले तरी त्यांनी एक तासाहून जास्त वेळ जागा धरून ठेवली, शेकड्याने मेले. त्याच वेळात मागच्या सैन्याला सावरता आलं. इंग्रजांनी पुढे त्यांना पळपुटे म्हटलं आणि बालाक्लावाच्या बंदरात हमालीला लावलं. त्यांना धड शिधा नाही, इस्पितळ नाही. या युद्धातला सगळ्यात कमी बोलला गेलेला शिपाई हाच. ज्याच्या राज्यासाठी लढाई चाललीय म्हणायचे, तोच.

सेव्हास्तोपोल काही आठवड्यांत पडेल असा अंदाज होता. पण टॉटलेबेन नावाच्या इंजिनिअरने मातीचे बुरूज उभे केले. खलाशी, कैदी, बायका, मुलं, सगळे माती वाहत होते. रशियनांनी आपलीच जहाजं बंदराच्या तोंडाशी बुडवून वाट अडवली. वेढा अकरा महिने चालला.

१४ नोव्हेंबरला वादळ आलं. बालाक्लावाच्या बंदराबाहेर नांगरलेलं ‘प्रिन्स’ हे जहाज खडकांवर आपटून बुडालं, आणि त्याच्याबरोबर हिवाळ्याचे गरम कपडे आणि बूट. बंदरापासून छावणीपर्यंत वाट जेमतेम दहा-अकरा किलोमीटर, पण चिखलात ती एका दिवसाची झाली. चारा नसल्यामुळे घोडे एकमेकांच्या शेपट्या खायला लागले, मग मरायला लागले. मग शिपाईच पाठीवरून शिधा वाहू लागले. ताजी फळं-भाज्या न मिळाल्याने होणारा स्कर्व्ही हा रोग पसरला. डिसेंबरात लिंबाच्या रसाची खोकी बंदरात येऊन पडली होती. पण रस रोजच्या शिध्यात धरलेला नव्हता, म्हणून तो वाटायचा हुकूम निघायला फेब्रुवारी उजाडला.

कोणी दुष्ट नव्हतं, हे खरं गंमतीचं आहे. शिधा अर्थखात्याच्या हाताखाली, तोफा ऑर्डनन्स खात्याच्या, शिपाई तिसऱ्याच्या, डॉक्टर चौथ्याच्या. ‘हे आमच्याकडे येत नाही, पलीकडच्या टेबलावर विचारा’ हे वाक्य सरकारी कचेरीत ऐकलेल्या कुणालाही बालाक्लावा समजायला वेळ लागणार नाही.

फरक एवढाच की आता हे घरी कळत होतं. लंडनच्या ‘टाइम्स’चा बातमीदार विल्यम हॉवर्ड रसेल तिथेच राहून सगळं लिहीत होता. जानेवारी १८५५ मध्ये चौकशीच्या ठरावावर ब्रिटिश सरकार १४८ विरुद्ध ३०५ मतांनी पडलं आणि पामर्स्टन पंतप्रधान झाले. खाजगी कंत्राटदारांनी बंदरापासून माळावर चक्क रेल्वे टाकली, काही आठवड्यांत. फ्लॉरेन्स नाइटिंगेल ३८ परिचारिका घेऊन कॉन्स्टँटिनोपलजवळच्या स्कुटारीच्या इस्पितळात नोव्हेंबरातच पोचल्या होत्या, पण तिथली मृत्युसंख्या त्यानंतरही वाढतच गेली. ती खरी उतरली मार्चमध्ये स्वच्छता आयोगाने इमारतीखालची गटारं साफ केल्यावर. पुढे आकडेवारी मांडून हे ठासून सांगणाऱ्याही त्याच.

पलीकडे, शहरात, सर्जन निकोलाय पिरोगॉव्ह सरदारांच्या क्लबातल्या नाचाच्या दिवाणखान्यात जखमी निवडत होते: ह्याला लगेच कापायचं, हा थांबू शकतो, ह्याच्याजवळ फक्त नर्स आणि पाद्री बसू देत. अशी निवड करून उपचार करणं आणि मोडलेल्या हाडाला प्लास्टर घालणं, दोन्ही त्यांनी तिथे मोठ्या प्रमाणावर केलं. रशियन शिपाई बहुतेक भूदास शेतकरी. भरती झाली की वीस-पंचवीस वर्षांची, म्हणून गावात त्याला निरोप देताना मेल्यासारखं रडत. दक्षिणेला रेल्वे नव्हती. त्याचा शिधा आणि दारूगोळा बैलगाडीने शेकडो किलोमीटर येत होता. म्हणजे ज्यांचं घर तिथे होतं त्यांच्यापेक्षा समुद्रापलीकडून आलेल्यांना पुढे पुढे माल लवकर मिळू लागला.

मार्च १८५५ मध्ये एका रात्रीच्या चकमकीनंतर मेलेले उचलायला पांढरी निशाणं लागली. काही तास दोन्हीकडचे लोक मधल्या जमिनीवर एकमेकांत मिसळले, तंबाखूची देवाणघेवाण झाली, खाणाखुणांनी थट्टा झाली. निशाणं खाली आली आणि गोळीबार परत सुरू.

खुर्चीची किंमत

त्याच महिन्यात व्हिएन्नात शांततेची परिषद बसली होती. हे लोकांना खरं वाटत नाही, पण खंदकात माणसं मरत असताना वाटाघाटी चालूच होत्या. चार मुद्द्यांवर: डॅन्यूबच्या प्रांतांवरचा रशियाचा हक्क जावा, नदीतली वाहतूक मोकळी व्हावी, काळ्या समुद्रातलं रशियाचं बळ कमी व्हावं, आणि ख्रिश्चन प्रजेच्या रक्षणाचा दावा रशियाने सोडावा. झार निकोलस २ मार्चला वारला होता, मुलगा दुसरा अलेक्झांडर गादीवर. तीन मुद्दे सुटण्यासारखे होते. अडलं तिसऱ्यावर: काळ्या समुद्रात रशियाची जहाजं किती? जूनपर्यंत घोळ घालून परिषद मोडली.

आणि जूनच्या १८ तारखेला, वॉटर्लूच्या लढाईच्या चाळिसाव्या स्मृतिदिनी, इंग्रज आणि फ्रेंचांनी मिळून बुरुजांवर हल्ला केला. वॉटर्लूला एकमेकांशी लढलेली दोन सैन्यं आता एकत्र जिंकली तर पॅरिसला आणि लंडनला छान दिसेल, म्हणून तारीख ठरली. हल्ला पार फसला. ब्रिटिश सेनापती लॉर्ड रॅग्लन, ज्यांचा एक हात वॉटर्लूलाच गेला होता, दहा दिवसांनी वारले.

सार्डिनियाचा हिशोब तर सगळ्यात स्वच्छ. पंतप्रधान काव्हूर यांचं रशियाशी काहीही वाकडं नव्हतं. त्यांना ऑस्ट्रियाला इटलीतून काढायचं होतं, आणि त्यासाठी मोठ्या राज्यांच्या टेबलावर एक खुर्ची हवी होती. म्हणून त्यांनी १५ हजारांवर शिपाई क्रिमियात पाठवले. ऑगस्टमध्ये चेर्नाया नदीवर त्यांची लढाई झाली, त्यात मोजकेच मेले. कॉलऱ्याने आणि तापाने मात्र हजारांवर. खुर्ची मिळाली.

८ सप्टेंबर १८५५ ला फ्रेंचांनी मालाकॉफ बुरूज घेतला. त्या रात्री रशियन फौज खाडीवरच्या तरंगत्या पुलावरून शहर पेटवून निघून गेली. शेवटी डिसेंबरात ऑस्ट्रियाने पुन्हा बजावलं, आणि रशिया कबूल झाला.

तह ३० मार्च १८५६ ला पॅरिसमध्ये झाला. काळ्या समुद्रात रशियाने किंवा तुर्कस्तानने लढाऊ आरमार ठेवायचं नाही, हा त्याचा गाभा. १८७० मध्ये फ्रान्स प्रशियाकडून मार खात होता, ती संधी साधून रशियाने हे कलम आम्ही पाळत नाही असं जाहीर केलं; १८७१ मध्ये लंडनला परिषद भरली आणि तिने मान डोलावली. जेमतेम पंधरा वर्षं टिकलं ते. त्यासाठी ब्रिटनचे सुमारे २१ हजार मेले, त्यातले रणांगणावर जागीच मेलेले तीन हजारांच्या आत. फ्रान्सचे जवळपास ९५ हजार. तेही मुख्यतः रोगाने, कारण दुसऱ्या हिवाळ्यात इंग्रज सुधारले आणि फ्रेंच छावण्यांत टायफस शिरला. रशियाचे किती, यावर अजून वाद आहे; साडेचार लाखांपर्यंत अंदाज जातात.

बिठूरचा पाहुणा

आपल्याकडून या युद्धात कोण गेलं? खडकीच्या छावणीत असलेलं १० वी हुसार्स हे गोऱ्यांचं घोडदळ १८५५ च्या सुरुवातीला मुंबईहून सुएझला, तिथून वाळवंट तुडवत अलेक्झांड्रियाला आणि पुढे बालाक्लावाला गेलं. मराठी इतिहासाला जास्त जवळचा माणूस मात्र शस्त्र न घेता गेला.

दुसऱ्या बाजीरावांना मिळणारं वर्षाचं आठ लाखांचं पेन्शन १८५१ मध्ये त्यांच्या मृत्यूनंतर कंपनीने बंद केलं. दत्तकपुत्र नानासाहेबांनी दाद मागायला अझीमुल्ला खानांना लंडनला पाठवलं. इंग्रजी, फ्रेंच जाणणारा हुशार माणूस. लंडनच्या बैठकांमध्ये रमला, पण काम झालं नाही. परत येताना माल्टात त्याला १८ जूनच्या फसलेल्या हल्ल्याची बातमी लागली. त्याने वाट बदलली. इंग्रज आणि फ्रेंच दोघांना मिळून हरवणारे हे रशियन रुस्तुम कोण, ते मला बघायचंय, असं त्याने कॉन्स्टँटिनोपलमध्ये रसेलला सांगितलं. मग तो क्रिमियात आला, रसेलकडे उतरला आणि छावणीजवळच्या दफनभूमीतून रशियन तोफांचा मारा बघत बसला.

त्या माळावर त्याला बुरुजांइतकीच इंग्रजांची छावणी दिसली असणार. लंडनला पाहिलेलं ते चकचकीत राज्य इथे चिखलात बसलेलं.

तो बिठूरला, नानासाहेबांकडे, परतला. दोन वर्षांनी, १८५७ च्या जूनमध्ये, कानपूरला नानासाहेबांच्या शेजारी तो होता. १८५८ च्या सुरुवातीला उठावाच्या बातम्या द्यायला ‘टाइम्स’ने रसेललाच भारतात पाठवलं, आणि क्रिमियात स्वतःकडे उतरलेला तो पाहुणा कोण होता, हे त्याने तेव्हा आठवून लिहिलं.